बाई कधी बसत नाहीत

यशोदाबाईंची उंची चार फूट पाच इंच होती आणि माझी पाच फूट आठ. वर्ध्याला आम्ही दोघी मुलींच्या एकाच शाळेत शिकवत होतो आणि एकाच घराच्या दोन बाजूंना भाड्याने राहत होतो. त्यामुळे सकाळी आम्ही शाळेला निघालो की पानठेल्यावरची माणसं बोलायची थांबत. मला त्याचा राग यायचा. यशोदाबाईंनाही येत असावा, पण त्या छत्री घट्ट धरून, माझ्या एका पावलाला आपली दोन टाकत, सरळ समोर बघत चालायच्या.

ही गोष्ट चोपन्न-पंचावन्न सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि लग्नाची राहिले होते. मुलगा पाहायला यायचा तेव्हा आई मला आधीच सतरंजीवर बसवून ठेवायची, पण केव्हातरी उठावं लागतंच, आणि मी उठले की पाहुण्यांना एकदम गाडीची वेळ आठवायची. उंचीचं दुःख मला काही नवीन नव्हतं. तरी यशोदाबाईंच्या उंचीचा विचार मी कधी केला नाही, हे आधीच सांगून टाकते. आपलं दुखणं सोडून दुसऱ्याचं दिसायला मला जरा वेळच लागतो.

त्यांच्या घरात गेलं की मला वाकूनच वावरावं लागे. खुंट्या माझ्या कंबरेशी, आरसा छातीशी, पाण्याचा माठ जवळजवळ जमिनीवर. यशोदाबाईंचे यजमान केशवराव सहा फुटांना थोडे कमी. ते डाकघरात टपाल वाटणीला होते. पत्रांच्या खणांसमोर दिवसभर उभं राहायचं, हे पत्र आर्वीच्या खणात, हे हिंगणघाटच्या, असं काम. एवढा उंच माणूस रोज सकाळी स्टुलावर बसून दाढी करायचा, कारण आरसा बायकोच्या उंचीला लावलेला होता. मी एकदा विचारलं, आरसा थोडा वर का नाही लावत? ते म्हणाले, "मले बसून दाढी केलेली बरी वाटते." खोटं बोलायची त्यांची ही एकच तऱ्हा होती.

ओसरीत त्यांची बंगई टांगलेली होती, साखळ्यांचा मोठा लाकडी झोपाळा. यशोदाबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्यांना त्यावर चढता येईना, आणि चढल्या तर पायाने रेटा देता येईना. आठवड्याभरात केशवरावांनी साखळ्यांना चार-चार कड्या जोडून बंगई खाली आणली. सासूबाईंनी विचारलं, कोणी केलं हे? तर म्हणाले, कड्या झिजल्या होत्या. तेव्हापासून ते स्वतः त्या बंगईवर बसले की गुडघे छातीशी येत, म्हणून ते खाली जोत्यावर बसत आणि पायाने बंगईला हलका रेटा देत राहत. यशोदाबाई वर बसून भाजी निवडत. हे रोज संध्याकाळी चाले आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणी कधी बोलत नसे.

लग्नातली गोष्ट मात्र यशोदाबाईंनीच मला सांगितली होती, हसत हसत. त्या नाचणगावच्या, चांगल्या शेतीवाल्या घरच्या. लग्नाला उभं राहताना नवरा-नवरीला एकेका पाटावर उभं करतात, मध्ये अंतरपाट. तो धरणाऱ्यांनी सवयीने आपल्या छातीपर्यंत धरला, तर नवरी डोक्यासकट त्याच्यामागे गेली. वऱ्हाडातून कोणीतरी म्हणालं, "नवरी कुठी हाये, दिसून नाई राह्यली." मांडव हसला. तेव्हा केशवराव आपल्या पाटावरून उतरले, तो उचलला, अंतरपाटाखालून पलीकडे सरकवला आणि यशोदाबाईंच्या पाटावर ठेवायला लावला. भटजी म्हणाले, असं चालत नाही. केशवराव म्हणाले, मी भुईवर उभा राहतो, तुम्ही म्हणा. आणि मंगलाष्टकं झाली.

सांगून झाल्यावर यशोदाबाई म्हणाल्या, "थे पाट म्या माळ्यावर टाकले. पुन्हा काढले नाई." मी हसले होते. त्या दोन पाटांपैकी एक पुढे माळ्यावरून उतरणार होता, हे तेव्हा आम्हाला काय ठाऊक.

आता शाळा. आमच्या शाळेत मुली टाटपट्टीवर खाली बसत आणि शिक्षकांना टेबल-खुर्ची असे. खुर्च्या कुठल्याशा जुन्या कचेरीतून आलेल्या, सागवानी, हाताच्या, आणि उंच. मला त्या अगदी बेताच्या व्हायच्या. उभ्या आयुष्यात मला नीट झालेलं फर्निचर म्हणजे त्या खुर्च्या, म्हणून माझा त्यांच्यावर जीव होता. यशोदाबाई मात्र कधी बसत नसत. पहिल्या तासापासून शेवटच्या घंटेपर्यंत उभ्या. फळ्याशी उभ्या, वह्या तपासताना उभ्या, कविता म्हणताना उभ्या. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून, मधे नुसती अर्धी भिंत. मला त्यांचा आवाज ऐकू यायचा आणि वाटायचं, काय बाई ही ऐट.

चोपन्नच्या डिसेंबरात शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. आम्ही बाकीच्या बसलेल्या होतो, ते दारात दिसल्यावर धडपडत उठलो. यशोदाबाई उभ्याच होत्या. साहेबांनी मुलींना विचारलं, "तुमच्या बाई नेहमी अशाच उभ्या असतात?" आणि चाळीस मुलींनी एका सुरात सांगितलं, "बाई कधी बसत नाहीत." साहेब खूश झाले. जाताना शाळेच्या शेरेबुकात त्यांनी लिहिलं: "श्रीमती यशोदाबाई संपूर्ण वेळ उभ्या राहून अध्यापन करतात. त्यांची कर्तव्यदक्षता इतरांनी अनुकरण करण्यासारखी आहे."

आमचे हेडमास्तर प्रभाकरराव मनाने वाईट नव्हते, पण शेरेबुकात लिहिलेलं त्यांना देवाच्या ठिकाणी होतं. मागे एका साहेबाने "आवारात झाडे असावीत" असं लिहिलं, तर यांनी खेळाच्या मैदानाच्या मधोमध कडुलिंब लावला होता. अनुकरण करण्यासारखी म्हटल्यावर अनुकरण झालंच पाहिजे. चार दिवसांत शिपाई कवडूने सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या उचलून कोठीत रचल्या आणि वर कुलूप घातलं. हेडमास्तरांची स्वतःची खुर्ची तेवढी राहिली, कारण ते शिकवत नसत.

मग यशोदाबाईंशी कोणी बोलेना. मीही बोलेना. सकाळी आम्ही एकाच रस्त्याने जायचो, पण आता मी माझ्या पावलांनी पुढे निघून जाऊ लागले. एकदा फाटकाशी गाठ पडली तेव्हा मी म्हटलं, "तुमचं बरं आहे, तुमचे पाय लोखंडाचे. आमचे आपले हाडामांसाचेच आहेत." त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग छत्री उघडली. ऊन काही फार नव्हतं.

सगळ्यांत हाल झाले आनंदाबाईंचे. त्या आमच्यात वडील, त्रेपन्न वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेल्या. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी मुळाक्षरं शिकवलेली. नोकरीचं अवघं दीड वर्ष उरलं होतं. पहिले काही दिवस त्या खिडकीचा गज धरून शिकवत राहिल्या. मग एक दिवस टाटपट्टीवर मुलींच्या शेजारी बसल्या, पण घंटा झाल्यावर उठता येईना. चौघींनी धरून उठवलं. नेमके प्रभाकरराव तिथून चालले होते. त्यांनी आनंदाबाईंना बोलावून हळूच सांगितलं, की प्रकृती बरी नसेल तर आधीच मोकळं झालेलं बरं, पुढच्या तपासणीत शेरा वाईट पडायला नको.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आनंदाबाईंनी माझ्या हातात एक कागद दिला. नोकरी सोडायचा अर्ज होता. "माहे हात कापते, पोरी. तुहं अक्षर चांगलं हाये, साफ उतरून दे. उद्या देऊन टाकतो." त्या रडल्या वगैरे नाहीत. कागद देऊन पदर सारखा केला आणि गज धरून पुढचा धडा घेतला.

संध्याकाळी घरी आले ती त्याच तिरीमिरीत यशोदाबाईंच्या ओसरीत गेले. ऊन अजून जोत्यावर होतं. त्या बंगईवर बसल्या होत्या, आणि पाय खाली ठेवलेल्या घमेल्यात, मिठाच्या कढत पाण्यात होते. मी ते पाहिलं आणि तरी थांबले नाही. उभ्यानेच तो अर्ज वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. आणि म्हटलं, "तुमच्या शेऱ्याचं हे फळ. घ्या, ठेवा देवापुढे."

त्यांनी पाण्यातले पाय जरा हलवले. मग म्हणाल्या, "माहे पाय टेकत नाईत, इंदिरा."

मला कळेना.

"त्या खुर्चीवर. टेकत नाईत. लोंबत राह्यतात. पह्यल्या शाळेत बसलो होतो म्या, पह्यल्याच दिवशी. पोरी खाली टाटपट्टीवर, त्यांच्या डोळ्यासमोरच माहे पाय. एक पोट्टी म्हणे, बाईचे पाय झुलून राह्यले. महिनाभर तेच चाललं. मंग म्या बसाचंच सोडलं. अकरा वर्षं झाली."

पायांना घोट्यापर्यंत सूज होती. शिरा निळ्या उठल्या होत्या. आणि मी त्यांना लोखंडाचे म्हटलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की हातातला कागद कुठे ठेवू ते सुचेना.

तेवढ्यात मागे सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. केशवराव डाकघरातून आले होते, केव्हाचे दारात होते कोणास ठाऊक. रोज ते घरी येऊन म्हणायचे, तुझं बरं, खुर्चीत बसून काम, आमची मात्र दिवसभर खडी सेवा. आणि त्या ते यायच्या आधी पाणी ओतून, घमेलं पालथं घालून, हसून चहा ठेवायच्या. आज मी मधे तडमडले, म्हणून घमेलं राहून गेलं.

"म्या पुसलं होतं तुले," केशवराव म्हणाले, "नोकरी लागली तवाच. खुर्ची कशी हाये म्हणून. तू म्हणे, चांगली हाये."

"चांगलीच हाये थे. माह्यासाठी नाई."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी काय केलं असतं? शाळेची बंगई थोडीच हाये, कड्या जोडाले."

केशवराव आत गेले, चुलीवरचं पाणी आणलं, घमेल्यात कडेकडेने ओतलं आणि हात घालून फार कढत तर नाही ना ते पाहिलं. मी निघाले तेव्हा यशोदाबाईंनी हाक मारली. "थो अर्ज उद्या देऊ नको. सोमवारी देजो."

शनिवारी अर्धी शाळा. सुटल्यावर सगळे शिक्षक हेडमास्तरांच्या खोलीत जमायचे. त्या दिवशी प्रभाकरराव सूचना वाचत होते आणि आम्ही भिंतीला धरून उभ्या होतो. वाचून संपल्यावर यशोदाबाई दाराशी गेल्या आणि कवडूला म्हणाल्या, "कोठीतली एक खुर्ची आणजो." कवडूने हेडमास्तरांकडे पाहिलं, त्यांनी यशोदाबाईंकडे, आणि कोणी नाही म्हटलं नाही म्हणून खुर्ची आली.

त्यांनी खुर्चीकडे पाठ केली, दोन्ही हात दांड्यांवर टेकले, छोटीशी उडी मारली आणि बसल्या. पाय हवेत राहिले. किती बारीक होत्या त्या, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. नव्याने लागलेल्या एका मास्तरणीला हसू फुटलं, पण आनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ते तिथेच जिरलं.

यशोदाबाईंनी वर्गात बोलतात तशा शुद्ध भाषेत सांगितलं, "सर, मी कर्तव्य म्हणून उभी राहत नाही. मला या खुर्चीवर बसता येत नाही. बसले की असे पाय लोंबतात, अर्ध्या तासात मुंग्या येतात, आणि पुढच्या मुलींना दुसरं काही दिसत नाही. मला त्याची लाज वाटली म्हणून मी उभी राहिले. त्यात अनुकरण करण्यासारखं काही नाही. ज्यांचे पाय टेकतात, त्यांना बसू द्या."

प्रभाकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं ते गहिवरले. ते म्हणाले, "पण शेरा तर लिहिला गेलाय. शेरेबुकात खाडाखोड करता येत नाही."

"खोडू नका. त्याच्याखाली लिहा."

हे त्यांना पटलं. खाली लिहायला काहीच हरकत नव्हती. फक्त ते म्हणाले, लेखी द्या. आणि यशोदाबाईंनी तिथेच, त्याच खुर्चीत, पाय लोंबत ठेवून लिहून दिलं की माझे पाय जमिनीला टेकत नसल्याकारणाने मी उभी राहते. असा अर्ज त्या शाळेत आधी कोणी दिला नसेल. सोमवारी सकाळी खुर्च्या आपापल्या वर्गात परत आल्या. आनंदाबाईंचा अर्ज मी कवडूच्या शेगडीत टाकला. त्या बसल्या, आणि दीड वर्षानंतर, ठरल्या दिवशी, सगळ्यांचे हार घेऊन घरी गेल्या.

यशोदाबाईंच्या वर्गातही खुर्ची आली, पण त्या उभ्याच. बसायचं म्हणजे पुन्हा तेच. कवडूला ते बघवेना. त्याने कोठीतून जुन्या हजेरीपटांचा एक गठ्ठा फडक्यात बांधून टेबलाखाली ठेवला, उंची अगदी बरोबर. यशोदाबाई बसल्या, गठ्ठ्याला पाय लागला, आणि त्या ताडकन खाली उतरून त्याला हात लावून नमस्कार करू लागल्या.

"विद्येवर पाय कसा ठेवू, कवडू?"

"विद्या कायची, बाई," कवडू म्हणाला. "हजेरी हाये थे."

पण त्यांना ते जमेना. तासात तीनदा पाय लागला आणि तीनदा नमस्कार झाला, तेव्हा गठ्ठा परत कोठीत गेला. इकडे केशवराव रजा काढून प्रभाकररावांना भेटून आले. खुर्चीचे पाय कापू द्या, म्हणाले. प्रभाकररावांनी डेडस्टॉकचं रजिस्टर उघडून दाखवलं. खुर्चीची नोंद होती, आणि नोंद असलेली वस्तू कापता येत नाही. शिवाय खुर्ची कापली तर टेबल हनुवटीशी येईल, हे दोघांनाही पटलं.

त्या संध्याकाळी केशवराव माझ्या दाराशी आले. यशोदाबाई आत भाकरी थापत होत्या. हळू आवाजात म्हणाले, "इंदिराबाई, भुईपासून पाय किती वर राह्यतात, तुमी पाह्यलं काय?" मी आठवून म्हटलं, माझी एक वीत. त्यांनी मला वीत पसरायला लावली आणि सुतळीच्या तुकड्यावर माप घेतलं. माझ्या या लांबलचक हाताचा कुणाला इतका उपयोग झाल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या सोमवारी मी भूगोल शिकवत होते. भिंतीपलीकडे यशोदाबाईंचा आवाज अचानक थांबला. थोड्या वेळाने त्यांच्या वर्गातली नलू धावत आली. पहिल्या रांगेत बसणारी, कुणाला न घाबरणारी पोरगी, पण तोंड उतरलेलं.

"बाई, चला. आमच्या बाई बसल्या."

मुलींना वाटलं होतं बाईंना काहीतरी झालं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी धावत गेले. यशोदाबाई खुर्चीत बसल्या होत्या, ताठ, दोन्ही हात टेबलावर. चाळीस मुली श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होत्या. मी टेबलाखाली पाहिलं. एक जुना पाट होता, पितळी फुल्यांचा, कोपऱ्यावर हळदीचा पिवळा डाग अजून असलेला. त्याला वीतभर उंचीचे चार नवे पाय ठोकले होते. रामाजी सुताराचं काम ते, नंतर कळलं. पाट कोणाचा ते मला कोणी सांगायला नको होतं. सकाळी यशोदाबाई यायच्या आधीच केशवराव तो वर्तमानपत्रात गुंडाळून, सायकलला बांधून शाळेत आले होते आणि कवडूच्या हाती देऊन डाकघरात गेले होते, दिवसभर उभं राहायला.

यशोदाबाईंचे दोन्ही पाय त्या पाटावर होते. चपला काढून ठेवलेल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई व," भर वर्गात, मुलींसमोर, त्या घरच्या बोलीत म्हणाल्या. "टेकले."

मी नलूला तिच्या जागेवर बसवलं आणि माझ्या वर्गात परत आले.